उडीद गेला, ज्वारी राहिली : हरणांच्या वाटेवरच्या सहा एकरांचं प्रकरण

आमचं रान सहा एकर, उत्तर सोलापूर तालुक्यात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. चार एकर मध्यम काळी जमीन, दोन एकर मुरमाड. वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला ओढा आणि मध्ये आमचं शेत. माळावरची हरणं पाण्याला ओढ्यावर उतरायची म्हटली की आमच्याच बांधाने उतरतात. एवढी साधी गोष्ट त्या वर्षी आमच्या ध्यानात आली नव्हती. ती ध्यानात यायला अडीच एकरांचं पीक गेलं आणि सख्ख्या चुलत्यांशी सहा आठवडे अबोला झाला.

आमच्याकडे सगळे 'हरणं'च म्हणतात. कागदावर तो काळवीट. नर वरून काळाभोर, पोटाकडून पांढरा, पीळदार शिंगांचा. माद्या आणि पाडसं बदामी रंगाची. हा प्राणी मुळात गवताळ माळरानाचा. दाट झाडीत तो रमत नाही. डोळ्यांवर आणि पायांवर त्याचा भरवसा, म्हणून त्याला मोकळं रान लागतं. सोलापूरच्या माळांवर मारवेल, पवन्या, कुसळी असं गवत होतं, तोवर त्याचं भागत होतं. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्यात आली होती. पुढे ते क्षेत्र टप्प्याटप्प्याने खूपच कमी करण्यात आलं. ज्या माळढोकासाठी हे सगळं केलं तो आता दिसेनासा झाला, पण त्याच्यासाठी राखलेल्या गवतावर काळवीट टिकला आणि वाढला. दुसरीकडे राखीव तुकड्यांबाहेरचे माळ नांगरले गेले. उजनीचं पाणी पोचलं तिथे ऊस आला, इतर ठिकाणी द्राक्षं आणि तूर. नान्नजचं नाव तर द्राक्षांमुळेच दूरवर गेलं. 'सोनाका' हे वाण इथलंच, सोलापूर-नान्नज-काळे या तीन शब्दांतून त्याला नाव मिळालं. यात शेतकऱ्याने काही वाईट केलं असं मला वाटत नाही. पण हरणाच्या बाजूने बघितलं तर काल जिथे गवत होतं तिथे आज कोवळं पीक उभं आहे. त्याला त्यातला फरक कुणी सांगायचा?

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मृग कोरडा गेला, आर्द्रा निम्मी गेली. पुनर्वसूत एक बरा पाऊस झाला आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, येताच चार एकर उडीद पेरला. आमच्या भागात ही जुनी रीत आहे : खरिपात सत्तर-पंचाहत्तर दिवसांचा उडीद काढायचा आणि त्याच रानात रब्बीची ज्वारी करायची. उगवण सुरेख झाली. आठव्या दिवशी ओळी लांबून दिसायला लागल्या.

नवव्या दिवशी पहाटे आण्णांचा फोन आला. मी तेव्हा सोलापुरात राहत होतो. "ये जरा. उडीद दिसंना झालाय." एवढंच बोलले.

वरच्या अंगाचं अडीच एकर रान मोकळं होतं. लांबून बघणाऱ्याला उगवणच झाली नाही असं वाटावं. मी ओळीत उकिडवा बसलो. जमिनीतून काडेपेटीतल्या काडीएवढी देठं वर आलेली आणि टोकं तिरकी खुडलेली. त्यावर अजून ओल चकाकत होती. दोन्ही डाळिंब्या, म्हणजे बीच्या दोन फाका, गायब. ओळीच्या बाजूला टोकदार, मधून दुभंगलेले खुर उमटले होते. शेळीच्या खुरापेक्षा निमुळते. दहा पावलांवर लेंड्यांचा ढीग. विहिरीलगतची चार-पाच ओळींची पट्टी मात्र शाबूत होती, कारण तिथे रात्रभर दिवा असतो. ती पट्टी पुढे फार कामाला आली.

या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट इथेच आहे. आण्णा त्या दिवशी म्हणाले, "ज्वारी खाल्ली तर फुटती रं, उडीद खाल्ला की उठत नाही." त्यांच्या पिढीला हे अनुभवाने माहीत होतं. कारण मला नंतर उलगडलं. उडीद, मूग, सोयाबीन उगवताना डाळिंब्या जमिनीच्या वर घेऊन येतात. वाढीचे सगळे डोळे त्या डाळिंब्यांपाशी आणि त्यांच्या वर असतात. त्याच्या खालून देठ तोडलं की रोपाला फुटायला जागाच उरत नाही. हरभऱ्याची आणि तुरीची डाळिंबी जमिनीतच राहते, म्हणून शेंडा गेला तरी खालून फुटवा येऊ शकतो. ज्वारीचा वाढीचा कोंब तर सुरुवातीचे साधारण तीन-चार आठवडे जमिनीच्या आतच असतो. वरची पानं खाल्ली तरी ओल असेल तर पुन्हा पान येतं. म्हणजे तेवढंच तोंड मारलं तरी एका पिकाचं पंधरा दिवसांचं नुकसान होतं आणि दुसरं पीक मुळासकट जातं. हरणांच्या वाटेवर काय पेरायचं हे ठरवताना बाजारभावाच्या आधी हे बघायला हवं, असं आता माझं ठाम मत आहे.

त्या संध्याकाळी पारावर सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने सांगितलं, आकडा टाकून कुंपणाच्या तारेत करंट सोड. दुसरा म्हणाला, थिमेटच्या पुरचुंड्या बांधावर टांग, वासाने येत नाहीत. तिसऱ्या पोराने मोटारसायकलवर कळपामागे लागून माळापर्यंत पिटाळून यायची तयारी दाखवली. आण्णा गप्प होते. त्यांचा संताप मला दिसत होता, आणि तो खोटा नव्हता. अडीच एकरांचं बियाणं, खत, पेरणी आणि गेलेला वाफसा. त्यातला वाफसा तर पैसे मोजूनही परत मिळत नाही.

पण कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. 2022च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी त्याची जागा बदलली नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांनाही दोनच कारणांसाठी देता येते : तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असेल. उभ्या पिकाचं नुकसान हे कारण दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांना लागू होतं. रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय यांच्याबाबत परवानगीची वाट आहे ती त्यामुळे. काळवीटासाठी ती नाही. गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. आणि शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही. फास लावणं, सापळा, विष, हाकून पिटाळणं, यातलं काही करायचा प्रयत्नसुद्धा कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. मोटारसायकलवाल्या पोराला मी हे समजावलं तेव्हा तो चकित झाला. त्याला ती मदतच वाटत होती.

करंटबद्दल मला वेगळंच सांगायचं आहे. थेट लाइनचा करंट सोडलेली तार हरीण आणि माणूस यांत फरक करत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, बांधावरून गवत आणणारी बाई, कुणीही त्यात सापडतं. असे मृत्यू होत आलेत आणि त्यात शेतकऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक. त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. ते इतकं जहाल आहे की पुरचुंडी बांधणाऱ्याच्याच हाताला लागलं तर जिवावर बेतू शकतं. हे दोन्ही आमच्या शेतात होणार नाही असं आण्णांनीच सगळ्यांसमोर सांगितलं. त्याबद्दल मला त्यांचा अभिमान आहे.

मग राहिली भरपाई. आपल्या राज्यात काळवीटासारख्या प्राण्यांनी पीक खाल्लं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत कळवायचं असतं, मग वनखातं, महसूल आणि कृषी या तिघांचे गावपातळीवरचे कर्मचारी मिळून पंचनामा करतात. आमचा पहिला दिवस रागात गेला. दुसऱ्या दिवशी ज्या कार्यालयात गेलो तिथून दुसरीकडे पाठवलं, तिथून पुन्हा पहिलीकडे. शेवटी तिसऱ्या दिवशी दुपारी अर्ज पोचला आणि त्यावर तारखेचा शिक्का मी स्वतः उभा राहून घेतला. आज कुणी विचारलं तर मी आधी वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवायला सांगतो, कार्यालयात त्यानंतर.

पंचनाम्याला खरी अडचण निघाली ती आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. पीक आठ दिवसांचं. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून करायची पीकनोंद, अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे सातबाऱ्यावर उडदाची नोंद नाही. आणि खाल्लेल्या रानात पीकच उभं नाही! कृषी सहायक सभ्यपणे पण सरळच म्हणाले, "उगवणच कमी झाली नसेल कशावरून?" प्रश्न चुकीचा नव्हता. तेव्हा विहिरीलगतची ती न खाल्लेली पट्टी उपयोगी पडली : तेच बियाणं, तीच पेरणी, तोच दिवस, आणि तिथे वीतभर अंतरावर रोपं उभी. बियाण्याच्या पावतीवर वाणाचं नाव आणि तारीख होती. पहिल्या सकाळी मी खुडलेल्या देठांचे, खुरांचे आणि लेंड्यांचे फोटो काढले होते, खुराशेजारी काडेपेटी ठेवून. वनरक्षकांनी खूर बघताच मान डोलावली. तलाठी भाऊसाहेबांनी गट नंबर आणि क्षेत्र लिहिलं, चौघांच्या सह्या झाल्या.

पैसे काही महिन्यांनी खात्यावर आले. बियाणं आणि पेरणीचा खर्च कसाबसा निघाला, गेलेल्या उडदाची किंमत नाही. भरपाई म्हणजे ठेच लागल्यावरची मलमपट्टी आहे. ती घ्यावी, तिच्यासाठी भांडावं, पण तिच्या जिवावर शेती करता येत नाही. पीक विम्याबाबत केंद्राने नोव्हेंबर 2025मध्ये जाहीर केलं की खरीप 2026पासून वन्य प्राण्यांनी केलेलं नुकसान जादा संरक्षणात धरलं जाईल. मात्र 72 तासांत ॲपवर फोटोसह कळवावं लागेल. प्राणी आणि जिल्हे राज्य ठरवणार आहे. तिथेही पहिल्या सकाळचे फोटोच लागतील.

दुबार पेरणीला वेळ उरला नव्हता. अडीच एकर रान रब्बीसाठी मोकळं ठेवलं आणि उरलेला दीड एकर उडीद वाचवायला आम्ही सौर कुंपण घेतलं.

आधी आईच्या आणि काकूंच्या जुन्या साड्या बांधून पाहिल्या होत्या. आठवडाभर त्यांचा धाक राहिला. वाऱ्यावर फडफडणारं काही नवीन दिसलं की कळप थबकतो, पण त्यातून काही होत नाही हे कळलं की साडीखालून आत येतो. सौर कुंपण निराळं. त्यात पॅनेल बॅटरी भरतं आणि एक यंत्र तारेत सेकंदाला साधारण एकदा क्षणभराचा झटका सोडतं. दाब हजारो व्होल्टचा, पण इतक्या थोड्या वेळापुरता की दुखतं, जीव जात नाही. अभयारण्याभोवतीच्या काही गावांना यासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. आमचा तुकडा तेव्हा यादीत बसला नाही, म्हणून पदरचे पैसे घातले.

श्रावणात कळलं की कुंपण विकत घेण्यापेक्षा सांभाळणं अवघड. बांधावरचं गवत वाढून खालच्या तारेला टेकलं की झटका गवतातून जमिनीत उतरतो. आण्णांनी तपासायची एक युक्ती शिकून घेतली. हिरव्या गवताची लांब काडी घ्यायची, तिचं टोक तारेवर ठेवायचं आणि हात हळूहळू तारेजवळ सरकवायचा. बोटांना टक् टक् जाणवलं की कुंपण चालू. रोज संध्याकाळी डोळे बारीक करून, काडी तारेवर धरून उभे असलेले आण्णा मला अजून दिसतात. काडी मुकी राहिली की विळा घेऊन अख्खा बांध साफ करायचा. मुरमाड जमिनीत अर्थिंगही नीट बसत नाही. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून वर पाणी ओतत राहावं लागतं. हे सगळं केलं आणि दीड एकर उडीद वाचला.

हरणं मात्र कुठेच गेली नव्हती. ती तात्यांच्या सोयाबीनमध्ये गेली होती.

तात्या माझे सख्खे चुलते. त्यांचं रान आमच्या बांधाला बांध लागून. आमच्या कुंपणाला अडलेला कळप बांधाच्या कडेकडेने सरकत त्यांच्या रानातून ओढ्यावर उतरायला लागला आणि जाता-येता सोयाबीन खायला लागला. तोवर त्यांचं नुकसान किरकोळ असायचं. तात्या भांडले नाहीत. एके दिवशी आण्णांना एवढंच म्हणाले, "दादा, तू तुझं दार लावलंस, पण वाट माझ्या घरातनं काढलीस." त्यानंतर बोलणं बंद. गौरी-गणपतीला दोन घरांत दोन वेगळे नैवेद्य झाले.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हे लागलं. आम्ही कायदा पाळला होता, एकाही जिवाला इजा केली नव्हती, सगळं रीतसर केलं होतं आणि तरी आमचं नुकसान उचलून भावाच्या ताटात ठेवलं होतं. एकट्याचं कुंपण हरणं कमी करत नाही, ती फक्त वळवतं. ज्याच्याकडे कुंपणाचे पैसे नाहीत त्याच्याकडे. शिवारात शेवटी सगळ्यात गरीब माणसाच्या रानात ती मुक्कामाला येतात.

भाद्रपदात मी तीन पहाटा विहिरीच्या धक्क्यावर बसून काढल्या, काही न करता, नुसतं बघत. तांबडं फुटायच्या आधी कळप माळाच्या कडेला येऊन थांबतो. एक मादी पुढे होते. ती बराच वेळ मान उंच करून उभी राहते, मग उतरते आणि बाकीच्या तिच्या मागे ओळीने. नर सगळ्यात शेवटी. त्यांचं खाणं ओढ्याकडे जाता-येताच होतं. त्यांना आधी पाणी हवं होतं; पीक वाटेत लागत होतं. तिसऱ्या दिवशी मी तात्यांना बोलावून घेतलं. ते आले. अंधारात शेजारी बसून बघितलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "वाट द्यायला पायजे."

रब्बीच्या पेरणीआधी ओढ्याला लागून असलेल्या सहा खातेदारांची बैठक आमच्या वस्तीवर झाली. ठरलं ते असं. आमच्या आणि तात्यांच्या सामाईक बांधालगत दोन्हीकडून थोडी थोडी जागा सोडून माळापासून ओढ्यापर्यंत एक पडीक पट्टी ठेवायची, तिच्यात गवत येऊ द्यायचं आणि ते आपल्या जनावरांसाठीही कापायचं नाही. आमचं कुंपण काढून त्या पट्टीच्या दोन्ही कडांना लावायचं. म्हणजे ते आमच्या एकट्याचं दार न राहता वाटेचा कठडा होईल. आणि पेरणीनंतर पहिले एकवीस दिवस सहा घरांनी मिळून राखण करायची.

एकवीसच का, असं एकाने विचारलं. ज्वारी त्या काळात सगळ्यात कोवळी असते, आणि अख्खा हंगाम कुणाच्याच अंगात जागण्याची ताकद नसते. एकवीस दिवस सहा घरांत वाटले की घराला साडेतीन दिवस येतात. एवढं कुणालाही जमतं. पाळी पहाटे चारपासून ऊन पडेपर्यंत आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला. हातात बॅटरी आणि काठी, गोफण नाही, दगड नाही, कुत्री नाहीत, पाठलाग नाही. पिकाच्या कडेला फक्त उभं राहायचं, चालायचं, एकमेकांना हाळी द्यायची. माणूस दिसला की कळप पिकात शिरत नाही, मोकळी वाट धरतो. वनरक्षकांनाही हे दाखवून घेतलं. त्यांना पट्टीची कल्पना आवडली आणि पहिल्या आठवड्यात ते दोनदा पहाटे येऊन उभे राहिले.

हस्तात मालदांडी ज्वारी पेरली. करडईच्या चार ओळी जुन्या रिवाजाप्रमाणे कडेने घेतल्या, पण त्यांच्याबद्दल गैरसमज नको : करडईला काटे उशिरा येतात. रोप लहान असताना ती पालेभाजीच असते, राखण करत नाही. तिचा उपयोग ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, आल्यावर.

दुसऱ्या आठवड्यात दोन पाळ्या चुकल्या, एका घरी लग्न होतं. त्या रात्री आमच्या कोपऱ्यातली अर्ध्या एकराची ज्वारी खाल्ली गेली. आण्णांनी कुणाला बोल लावला नाही. एक पाणी दिलं आणि दहा दिवसांत पानं परत वर आली. कणसं जरा मागे पडली, एवढंच. बाकीचं रान पुरं निघालं. सहा घरांत त्या रब्बीत कुणालाही भरपाईचा अर्ज करावा लागला नाही.

सगळं मिटलं असं मात्र नाही. पट्टीत गेलेली जमीन आमच्या आणि तात्यांच्या वाट्याची आहे, तिचं पीक आम्ही दोघंच सोडतो. इतर चौघांनी त्याबद्दल कडबा द्यायचं कबूल केलं होतं. पहिल्या वर्षी तिघांनी दिला. पलीकडच्या उसात रानडुकरं आली आहेत. त्यांना ही पट्टी कळत नाही आणि राखणीला उभा असलेला माणूसही पुरत नाही. त्यांचं प्रकरण वेगळं आहे. तात्यांच्या धाकट्याला वाटतं की पैसे जमवून अख्खं शिवार बंद करावं. मी त्याला सांगतो, पाण्याची वाट बंद केलीस तर ती हरणं रस्त्यावर येतील, बार्शीकडे जाणाऱ्या गाड्यांखाली.

वरच्या अडीच एकरात आम्ही आता उडीद करत नाही. तिथे तूर आहे. उडीद विहिरीकडच्या रानात आणला. यंदा रोहिणी निघताना आण्णा आणि तात्या दोघं दोरी आणि चुन्याची फक्की घेऊन पट्टीच्या कडा पुन्हा आखायला गेले. माळाच्या टोकाला पट्टी ट्रॅक्टरच्या नांगराने हातभर आत आली होती. तात्यांच्याच बाजूने. त्यांनी काही न बोलता दोरी मागे सरकवली आणि आण्णांनी तिच्यावरून फक्की टाकली.